टिकल्यांची घासाई

३ ऑगस्ट

आजपासून मी दुकानात जायचं नाही, असं ठरलं. ठरलं म्हणजे घरातल्या तिघांनी ठरवलं आणि मी मान हलवली. उन्हाळ्यात नागपूरला हृदयाच्या नळीत स्प्रिंग टाकली, तेव्हा डॉक्टर एवढंच म्हणाले होते की हलकं काम करा, डोक्याला ताण देऊ नका. आता कापडाच्या दुकानात बसण्याइतकं हलकं काम कोणतं? पण बायकोचं, शोभाचं म्हणणं, "तुमी दुकानात बसता कुठं? दिवसभर उभे राह्यता अन् वरडता."

आर्वीच्या बाजारातलं हे दुकान मी लग्नाआधीपासून चालवतो. आता धर्मेंद्र पाहील. पोरगा चांगला आहे, पण गिऱ्हाईक उठून चाललं तरी त्याला 'या' म्हणतो. मी असतो तर हाताला धरून बसवलं असतं.

सुताच्या कंपनीवाले दरवर्षी डायरी देतात. आजवर त्या कोऱ्याच राहिल्या. आता वेळच वेळ आहे, म्हणून यंदाची काढली. पण लिहायला काय आहे? सकाळी शोभाला फोडणीत मोहरी कधी टाकायची ते समजावून सांगितलं. दुपारी तिचे डबे उंचीप्रमाणे लावून दिले. संध्याकाळी ती म्हणाली, "अवो, तुमी जरा बाहीर बसा ना जी. हवा लागंल." माझी फार काळजी करते.

७ ऑगस्ट

राहवलं नाही, दुकानात गेलो होतो. नुसतं पाहायला. धर्मेंद्रनं पुढच्या रॅकवर रेडिमेड कुर्ते मांडले होते आणि लुगडी-धोतरं आत ढकलली होती. मी सगळं पहिल्यासारखं लावून दिलं. एक बाई कुर्ता हातात घेऊन उभी होती. तिलाही समजावलं की बाई, कापड घेऊन शिवलेलंच टिकतं. पटलं तिला. विचार करते म्हणाली आणि लगेच घरी गेली.

धर्मेंद्र ओठ दाबून उभा होता. बापाचा हात फिरला की दुकानाला कशी कळा येते, ते पाहून भरून आलं असेल.

संध्याकाळी तिघं स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलत होते. मी गेलो तसे गप्प झाले. मग सून म्हणाली, "मामाजी, उद्या तुमाले वेळ हाये का?"

मला हसूच आलं.

८ ऑगस्ट

आमची सून आचल, सिंदी रेल्वे या गावची. लग्नाला दोन वर्षं झाली. भौतिकशास्त्रात एमएस्सी आहे आणि नागपूरला इला मॅडम म्हणून आहेत त्यांच्या हाताखाली पीएचडी करते. आठवड्यातून दोनदा सकाळच्या एसटीनं नागपूर, बाकीचे दिवस वरच्या खोलीत. कशात पीएचडी, असं कोणी विचारलं तर मी 'सायन्समध्ये' म्हणून विषय बदलत आलो. तिचं-माझं बोलणं म्हणजे 'चहा ठेवू का' आणि 'ठेव'.

आज तिनं वर बोलावलं. टेबलावर कपाळाच्या टिकलीएवढ्या, पांढुरक्या, दगडासारख्या चकत्या होत्या.

"मामाजी, हे दोन पावडरी मिसळून भट्टीत भाजलेलं हाये. चिवड्यात शेंगदाणे असतात ना, तसे याच्यात बेरियम टायटॅनेटचे कण हायेत. डोळ्याले दिसत नाई इतके बारके. चिवडा आपला साधाच. मले शेंगदाण्याच्या पोटातलं पाहाचं हाये."

"पोटात काय असते?"

ती थोडी थांबली. मला समजेल असा शब्द शोधत असावी. "मोहल्ले," म्हणाली. "एका मोहल्ल्यात सगळ्यायची विजेची तोंडं एकीकडे. बाजूच्या मोहल्ल्यात दुसरीकडे. मधात भिंत. कण मोठा असला तं मोहल्ले भरपूर. बारका होत गेला तं कमी होत जातात, अन् एका मापाखाली अख्ख्या कणाचा एकच मोहल्ला उरते, असं समजतात. पण तोच कण भोवतालच्या चिवड्यानं आवळून धरला तं काय होते? ते मले पाहाचं हाये."

"पाहून काय होईन?"

"तुमच्या मोबाईलमध्ये असल्या पदार्थाचे शेकडो तुकडे हायेत. ते अजून बारके करायचे तं आत काय होते ते माहीत नको?"

मी मोबाईल खिशातून काढला आणि जरा जपून टेबलावर ठेवला.

काम असं आहे. नागपूरला एक सूक्ष्मदर्शक आहे, त्याला भिंग नाही, सुई आहे. ती सुई टिकलीवर चालते, चालता चालता विजेचा हलका झटका देते, कण इवलासा फुगतो-आकसतो, आणि कुणाचं तोंड कुठं आहे ते सुईला कळतं. पण टिकली आरशासारखी गुळगुळीत पाहिजे, नाहीतर सुई ठेचाळते. म्हणून घासाई. आधी जाड पॉलिश-पेपर, मग बारीक, मग आणखी बारीक, शेवटी मखमलीवर हिऱ्याची पेस्ट.

"मले एकटीले होत नाई, मामाजी," ती म्हणाली.

तिच्या स्वतःच्या टिकल्या एका पेटीत कापसात ठेवलेल्या होत्या. माझ्यासाठी तिनं कपाटावरून बिस्किटाचा एक डबा काढला, फुंकर मारून धूळ उडवली आणि माझ्या हातात दिला. "या सगळ्यात महत्त्वाच्या," म्हणाली. इतक्या उंचावर ठेवल्या होत्या, त्यावरूनच मी ओळखलं होतं.

१२ ऑगस्ट

सोपं वाटलं होतं. नाही. टिकली बोटांना लागत नाही, सटकते. आचलनं ती एका पितळी ठोकळ्यावर मेणानं चिकटवून दिली तेव्हा कुठं धरता आली. पाणी टाकून घासायचं. एक कागद झाला की टिकली धुवायची, हात धुवायचे, टेबल पुसायचं, नाहीतर जाड कागदाचा एखादा कण बारीक कागदावर येतो आणि सगळी मेहनत पाण्यात. कागद बदलला की टिकली पाव फेर फिरवून घासायची. म्हणजे आधीचे ओरखडे आडवे दिसतात. ते सगळे जाईपर्यंत पुढच्या कागदाला हात लावायचा नाही.

मखमलीच्या बाबतीत मात्र मी तिला अडवलं. म्हटलं, मखमल मी आणतो, दुकानात पडली आहे, एक नंबरची. आणली. तिची लव सुटून टिकलीवर चिकटली. आचलनं तिचं ते नागपूरचं कापड काढलं. बोटांनी तपासलं, लव आखूड आणि घट्ट आहे. माल चांगला आहे, मान्य करावं लागलं.

१४ ऑगस्ट

ओरखडे.

१५ ऑगस्ट

आजही ओरखडे. आचलनं तिच्या छोट्या सूक्ष्मदर्शकातून दाखवले. आर्वीहून रोहण्याला जाणाऱ्या उखडलेल्या रस्त्यासारखं दिसत होतं. मी म्हटलं, मला नाही जमणार हे, म्हातारपणी नवीन हात कुठून आणू. ती म्हणाली, "माझ्या पहिल्या टिकल्या तं मी कोणाले दाखवल्याच नाई, मामाजी." मग परत बसलो. जेवायला दोनदा हाक मारावी लागली, असं शोभा म्हणते. मला एकच ऐकू आली.

२३ ऑगस्ट

काल पोळा झाला. आज तानबा आला होता. तो आणि मी शाळेपासूनचे सोबती, बाजारसमितीत अडत्याकडे होता, आता रिकामाच असतो. मला वरच्या खोलीत ठोकळा घेऊन बसलेला पाहून म्हणाला, "डोमाजी, काय करून राह्यला बे? चटणी वाटून राह्यला का?"

मी त्याला मोहल्ले समजावून सांगितले. चिवडा, शेंगदाणे, सगळं. तो बराच वेळ टिकलीकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "मंग यातले लोक बाहीर कधी निघतात?" तानबाचं डोकं कमीच. पण सांगताना माझ्या लक्षात आलं की मला समजलेलं आहे.

घरात अलीकडे फार शांतता आहे. शोभा स्वयंपाकघरात गाणं म्हणते. पूर्वी म्हणत नसे. धर्मेंद्रही रात्री जेवताना हसून बोलतो. दुकानात जायचं पंधरवड्यात मला आठवलंच नाही. ते कसे चालवत असतील माझ्याशिवाय, देव जाणे.

६ सप्टेंबर

आज घरात वाईट दिवस. आचल नागपूरहून आली, सरळ गच्चीवर गेली आणि खाली उतरलीच नाही. धर्मेंद्र दुकानात होता. शोभा म्हणाली, तुमी जा.

पाण्याच्या टाकीला टेकून बसली होती. मी विचारलं, "काऊन रडून राह्यली?"

"रडून नाई राह्यली," म्हणाली आणि रडली.

सुईवाल्या सूक्ष्मदर्शकावर तिला महिन्यापूर्वी मिळालेली पाळी आज होती. तिनं आपल्या चांगल्यातल्या टिकल्या तिथल्या मशीनवर घासून घेतल्या होत्या. सुई लावली तर जिथं कण पाहिजेत तिथं खड्डे. मशीनच्या दाबानं कण उपटून निघाले होते. चिवडा होता, शेंगदाणे गायब. इला मॅडम म्हणाल्या की आता पुढची पाळी दिवाळीनंतर, नोव्हेंबरात. तेव्हा काही निघालं नाही तर प्रबंधातलं हे प्रकरण सोडून द्यावं लागेल. आणि त्या प्रकरणाशिवाय बाकीच्यात नवीन असं काहीच नाही.

"तीन वर्ष केलं, मामाजी," ती म्हणाली. "अन् खड्डे निघाले."

दुकानात कापडाची गाठ खराब निघाली तर मी कंपनीवाल्याला फोनवर झापत असे. इथं कोणाला झापणार? "चाल," म्हटलं, "खाली चाल. टिकल्या अजून हायेत ना? मंग पुन्हा घासू."

७ सप्टेंबर

सकाळी आचल वर आली तेव्हा मी माझी टिकली मखमलीवर फिरवत होतो. तिनं उगीच, काही करायचं म्हणून, ती उचलली आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. मग खुर्ची ओढून बसली. बराच वेळ डोळा लावून होती. टिकली सरकवायची, परत पाहायची.

"मामाजी, हे कसं घासलं तुमी?"

मला वाटलं परत ओरखडे. म्हटलं, "तू सांगितलं तसंच."

"एक बी कण निघाला नाई. एक बी नाई."

"जोर कायले द्याचा? बोट नुसतं ठेवलं तं जाते ते हळूहळू."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं लग्न होऊन आल्यापासून कधी पाहिलं नव्हतं. मग उठली, आपली कापसाची पेटी आणली आणि माझ्यासमोर ठेवली. "आता या घासा."

म्हणजे महत्त्वाच्या संपल्या, आता उरल्यासुरल्या. काही हरकत नाही. काम ते काम.

२८ सप्टेंबर

मी एक टिकली फोडली.

कापसाच्या पेटीत आता मोजक्याच उरल्या आहेत आणि नागपूरची भट्टी दुरुस्तीला गेलेली आहे, नवीन भाजून मिळणार नाहीत. हे सगळं मला माहीत होतं. पण आज तानबा समोर बसला होता आणि मी त्याला किती लवकर होतं ते दाखवायला गेलो. दाब दिला. कट्ट असा आवाज झाला. इतका बारीक, की तानबाला ऐकूही गेला नाही. मला पोटात ऐकू आला.

आचलला सांगितलं. तिनं दोन तुकडे कागदात गुंडाळून ठेवले आणि "होते, मामाजी" म्हणाली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. मी उगाच नाही त्या कामात पडलो. कापडवाला माणूस. तिची तीन वर्षं आणि माझा अंगठा.

१० ऑक्टोबर

बारा दिवस वर गेलो नाही. दिवाळीची गर्दी सुरू झाली, म्हणून आज दुकानात गेलो. तिथं तरी माझं काम असेलच.

ओळखू आलं नाही. पुढं सगळे कुर्ते, पोरींचे ड्रेस, काचेचं काउंटर, वर पंख्याऐवजी एसी. दोन नवीन मुली माल दाखवत होत्या. आणि गर्दी! आमच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. धर्मेंद्रनं मला पाहिलं, धावत आला, खुर्ची दिली, चहा मागवला. मी खुर्चीवर बसलो. माझ्या बाजूनं लोक जात-येत होते. कोणी काही विचारलं नाही. एका मुलीनं विचारलं, "आजोबा, तुमाले काय दाखवू?"

धर्मेंद्रवर राग येईना. चांगलं चाललं आहे, ते डोळ्यांना दिसत होतं. फक्त मी कुठं बसायचं, ते दिसत नव्हतं.

तेवढ्यात दारातून आचल आत आली. घरच्याच कपड्यात, पदर खोचलेला, हाताला ती पांढरी पेस्ट लागलेली. गर्दीतून वाट काढत सरळ माझ्यासमोर.

"मामाजी, चला घरी."

"काय झालं?"

"माह्या हातून दोन फुटल्या. जोर देऊन राह्यली मी, समजते, तरी जोर जाते. तुमी इथं बसून काय करून राह्यले? तिकडे काम अडलं हाये."

हे ती सगळ्या गिऱ्हाइकांसमोर बोलली. त्या नवीन मुली माझ्याकडे पाहायला लागल्या. मी उठलो. धर्मेंद्र म्हणाला, "बाबा, चहा?" मी म्हटलं, "तूच घे. मले काम हाये."

रस्त्यानं चालताना आचल एकदम म्हणाली, "मामाजी, एक सांगू? त्या डब्यातल्या पहिल्या टिकल्या... त्या मी तुमाले... म्हणजे त्या भट्टीतून नीट निघाल्या नव्हत्या, मी त्या..."

"नाजूक होत्या, मले माहीत हाये," मी म्हटलं. "म्हून तं सगळ्यात महत्त्वाच्या म्हणाली तू. नवीन माणसाच्या हाती देताना तुले किती धाकधूक झाली असंन."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "हो. लय झाली." आणि हसायला लागली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होती. ताण मोठा आहे पोरीवर.

२२ ऑक्टोबर, पाडवा

शोभानं ओवाळलं. सोन्याची वस्तू काही दिली नाही तिला यंदा. तिला वर नेलं आणि तयार झालेली टिकली दाखवली. खिडकीचे गज आणि बाहेरचा कडुनिंब तिच्यात स्वच्छ दिसत होते. शोभा म्हणाली, "एवढी चमक माह्या भांड्यायले तं कधी आणली नाई तुमी." पण परत एकदा पाहायला वाकली.

१९ नोव्हेंबर

हे सगळं आजच लिहून ठेवतो, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

सकाळच्या एसटीनं आचल आणि मी नागपूरला गेलो. शोभानं दशम्या दिल्या होत्या. टिकल्यांची पेटी पूर्ण रस्ता माझ्या मांडीवर होती. कंडक्टर म्हणाला, "काका, देव हायेत का यात?"

सूक्ष्मदर्शकाची खोली म्हणजे थंडगार फ्रीज. टेबल हवेच्या गादीवर तरंगतं, म्हणून कोणी जोरात चालायचं नाही. सुश्रुत नावाचा तरुण ते यंत्र चालवतो. तो इतका हळू बोलतो की समोरचाही आपोआप कुजबुजतो. मला कोपऱ्यात स्टूल दिलं. मी शिंकायचं नाही, एवढंच माझं काम.

पहिली टिकली लावली. पडद्यावर ओळ ओळ करून चित्र उमटत गेलं. राखाडी. नुसतं राखाडी. दुसरी जागा, तेच. आचलचा चेहरा मला मागून दिसत नव्हता, पण तिनं वेणीचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं. मी मनात म्हटलं, झालं. माझ्या घासाईनं बुडवलं.

सुश्रुत कुजबुजला, "सुई बोथट झाली असेल. बदलून पाहू."

सुई बदलली. परत ओळ ओळ. आणि मग काळा पट्टा. त्याच्या बाजूला पांढरा. परत काळा. एका कणात सगळे पट्टे एका बाजूला कललेले, मधात भिंत, पलीकडे उलट्या बाजूला कललेले. सुटाच्या भारी कापडात असते ना, माशाच्या काट्यासारखी वीण, अगदी तशी. कापडात आयुष्य गेलं माझं, पण ही वीण कोणी विणलेली नव्हती.

"मोहल्ले," मी म्हटलं. जोरात म्हटलं. कोणी रागावलं नाही.

मोठे कण झाले. मग सुश्रुतनं एक अगदी बारका कण धरला. आचल म्हणाली, "यात काही दिसणार नाही, एकच रंग येईल." चित्र उमटलं. पट्टे. केसासारखे, पण पट्टेच. शेजारचा तसलाच बारका कण पाहिला. पट्टे. आचल उभी राहिली, मग बसली, मग फोन लावून मॅडमना बोलावून घेतलं.

इला मॅडम आल्या. उंच, पांढरे केस, चष्मा डोक्यावर चढवलेला. पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "हे पट्टे नसतील, आचल. घासण्याचे ओरखडे असतील."

माझ्या छातीतली ती स्प्रिंग जागची हलली असं वाटलं. मी स्टुलावरून उठलो. "मॅडम, माफ करा, पण ओरखडा नाई. मी त्या हातानं घासल्या. ओरखडा राह्यला असता तं मी पुढचा कागदच घेतला नसता."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. "हे कोण?"

"हे माझे मामाजी," आचल म्हणाली. "म्हणजे सासरे. घासाई सगळी यांचीच."

मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी चष्मा खाली घेतला आणि मला नीट समजावून सांगितलं. ही टिकली त्याच यंत्रात तापवायची. उकळत्या पाण्याहूनही थोडी जास्त. त्या तापमानाला कणांतले मोहल्ले मोडतात. सगळी तोंडं कुठल्याही एका बाजूची राहत नाहीत. मोहल्ले असतील तर पट्टे जातील. ओरखडा असेल तर तो तापवून जात नाही, तिथंच राहील. आणि थंड केल्यावर पट्टे परत आले, तेही जरा वेगळ्या मांडणीनं, तर मग शंकाच उरली नाही.

तापवायला लावलं. मी बाहेर बाकावर येऊन बसलो. आत बसवेना. दशमीचा घास तोंडात फिरत राहिला. देवाला काय मागावं ते कळेना. 'पट्टे जाऊ दे' असं मागायचं होतं, आणि इतके महिने त्यांच्यासाठीच तर घासलं.

दार उघडलं. आचल. मी म्हटलं, "राह्यले का?"

"गेले, मामाजी! सगळे गेले!"

आम्ही दोघं आत धावलो. धावायचं नसतं हे दोघंही विसरलो. पडदा कोरा राखाडी. मग थंड होत गेलं आणि ओळ ओळ करून पट्टे परत यायला लागले. त्याच कणात, पण भिंत आता दुसरीकडे. जणू सगळे मोहल्लेवाले रात्रीतून घरं बदलून बसले. त्या बारक्या कणातही. सुश्रुत पहिल्यांदा मोठ्यानं बोलला, "वा!"

मॅडमनी तापवण्याआधीचं आणि नंतरचं चित्र शेजारी लावून पाहिलं. मग आचलच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "भोवतालच्या दाबानं केलं असेल हे? लिहायला घे. आणखी नमुन्यांवर पाहावं लागेल, पण लिहायला घे." दारापर्यंत गेल्या आणि वळून मला म्हणाल्या, "मामाजी, आमच्याकडे आणखी दोन मुली आहेत. त्यांच्याही टिकल्यांना खड्डे पडतात. पाठवू का तुमच्याकडे?"

परतीच्या एसटीत आचल माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. माझा खांदा अवघडला. हललो नाही.

२० नोव्हेंबर

रात्री जेवताना धर्मेंद्रला सगळं सांगितलं. तो बायकोकडे असा पाहत होता की त्यानं भातावर वरणाऐवजी पाणी ओतलं. शोभानं मात्र आचलला विचारलं, "मंग आता यायले दिवसभर काय काम द्याचं?" आचल म्हणाली, "मामीजी, आता खरंच काम हाये." दोघी हसायला लागल्या. 'आता खरंच' म्हणजे काय, आधी काय खोटं होतं? बायकांचं हसणं, कशालाही येतं.

१३ डिसेंबर

इला मॅडमच्या दोन विद्यार्थिनी कालपासून आमच्याकडे मुक्कामी आहेत. त्यातली वर्षाली जास्त घाई करते. काल तिनं न धुता कागद बदलला, मी ओरडलो. मग वाईट वाटलं, तर शोभा म्हणाली, "वरडा, वरडा. तिथं चालते." दोघीही मला मामाजी म्हणतात. नागपूरच्या प्रयोगशाळेत आता सगळेच तसं म्हणतात, असं सुश्रुतनं फोनवर सांगितलं.

धर्मेंद्र सकाळी वर आला. लग्नसराई आहे, शनिवारी दुकानात जरा बसता का, म्हणून विचारत होता. मी म्हटलं, बाबू, मले वेळ नाई, तानबाले विचार. तो उभा राहिला, मुलींच्या हातांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "बरं, बाबा," म्हणाला, आणि जाताना आमच्यासाठी चहा सांगून गेला.

वर्षाली आज सकाळपासून एकाच टिकलीवर होती. दोनदा ठेवून दिली, दोनदा परत घेतली. मी फक्त तिचं बोट पाहत होतो. दुपारून ते बोट सैल पडलं. दाब गेला. नुसतं ठेवलेलं राहिलं आणि टिकली आपोआप फिरायला लागली. मी आचलकडे पाहिलं. तिनंही पाहिलं होतं. लिहिता लिहिता तिचं पेन थांबलं.

वर्षालीनं टिकली धुतली, पुसली, खिडकीच्या उजेडात डोळ्याजवळ नेली आणि "मामाजी!" असं इतक्या जोरात ओरडली की शोभा हातातलं लाटणं घेऊन जिना चढत वर आली.

"काय झालं? काय फुटलं?"

"काही नाई फुटलं," मी म्हटलं. "पोरीले तिचा डोळा दिसला."